सतरा नंबरचं नाव

९ एप्रिल १९८९, रविवार

हरले. ह्यांची हॉकीची टीम, हेरन्स. सात-दोन. सीझन संपला एकदाचा.

हे बर्फाच्या रिंकवरून आले ते मफलर गळ्यात तसाच ठेवून सरळ वर. जेवण नको म्हणाले. मी म्हटलं, बरं. वांग्याची भाजी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

आता ऑगस्ट संपेपर्यंत मॅच नाही. लोकांना वाटतं, मॅच नाहीत म्हणजे बाईला शांतता. कसली डोंबलाची शांतता! खरा गोंधळ आत्ता सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, कॅनडाहून कोण येणार. मॅच निदान अडीच तासांत उरकते. ही चर्चा पाच महिने चालते.

१० एप्रिल, सोमवार

सकाळी उल्का म्हणते, “आई, बाबा किती सॅड आहे. तू त्याला काय बोलला का?”

सोळा वर्षांची घोडी झाली, बापाला अरे-तुरे. आणि मी ‘बोलला’! हसावं की रडावं. रागावले तर म्हणाली, बरं, सॉरी, बाबा सॅड आहेत. मग तिचा टोस्ट जळला आणि विषय तिथेच राहिला.

१६ एप्रिल, रविवार

जयंतीला वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन आलो. बसभर आपली माणसं. नागपूर, अमरावती, मुंबई, सगळी. वंदना छान झाली. मुलांनी भाषणं केली, अर्धी इंग्लिशमध्ये. चालायचंच.

येताना ह्यांनी बसमध्ये सिंधुबाईंच्या मिस्टरांना बर्फावरची हॉकी समजावली. एका टीमला बाहेरचे तीनच प्लेयर घेता येतात, हे घराजवळचा मॅन्सफील्ड रोड येईपर्यंत चाललं होतं. त्या गृहस्थांनी मध्येच विचारलं, बाहेरचे म्हणजे आपल्यासारखे का? सगळी बस हसली. हे म्हणाले, नाही हो, बाहेरचे म्हणजे कॅनडाचे. त्यांना डोक्यावर घेतात.

हे तरुणपणी नागपूरला रेल्वेच्या मैदानावर हॉकी खेळलेले. इथे आल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमधल्या कोणीतरी ऐंशी साली ह्यांना रिंकवर नेलं. हॉकी म्हणून गेले आणि बर्फ बघून आले. तेव्हापासून हेरन्स म्हणजे ह्यांचं दुसरं घर. कधी कधी वाटतं, पहिलं.

२७ एप्रिल, गुरुवार

मंडळ जमलं. सीझन नसला की दर गुरुवारी आमच्याच बैठकीत जमतात. समोसे माझे, मतं त्यांची.

तिघंच असतात तसे. हे. डॉक्टर पद्माकर लिमये — ह्यांच्याच हॉस्पिटलात भूल देतात, मूळचे पुण्याचे, सपोर्टर्स क्लबचे चेअरमन. आणि माव्हिस — रिटायर झालेली बस कंडक्टर, सत्तरीची, पाय सुजलेले, आवाज अजून बसभर पोचेल असा. माव्हिसने तरुणपणी जुनी टीम पाहिलेली, लढाईनंतरची. ती बंद पडली, रिंकचं गोडाऊन झालं, आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा टीम उभी राहिली. म्हणून तिच्या शब्दाला वजन.

या वर्षी दहावा सीझन येतोय. त्यासाठी क्लबचा इतिहास छापायचाय, छोटं पुस्तक. लिहिणार हे. ह्यांच्याकडे नऊ वर्षांच्या नऊ वह्या आहेत — कोणी गोल केला, कितव्या मिनिटाला, कोण शिक्षा भोगत बाकावर बसला होता. लग्नाची तारीख विचारा, डोकं खाजवतील.

आजचं भांडण — ऐंशी सालचा पहिला गोल कोणाचा? हे म्हणतात कीथचा. माव्हिस म्हणते, तुटक्या नाकाच्या कॅनेडियनचा, मी तिथे होते. हे म्हणतात, मीपण होतो. डॉक्टर म्हणाले, “जगदीशराव, पुढच्या मॅचचा छापील प्रोग्रॅम बघू या, म्हणजे वाद मिटेल.” प्रोग्रॅम मिळाला. त्यात दोघांचंही नाव नव्हतं, तिसऱ्याच कोणाचं होतं. मग तिघांनी मिळून ठरवलं की प्रोग्रॅम चुकलाय.

मी स्वयंपाकघरात एकटी हसत होते.

२० मे, शनिवार

बुद्धपौर्णिमा. खीर केली. कीथ येऊन खाऊन गेला, दोन वाट्या.

हा कीथ म्हणजे सतरा नंबर. डिफेन्समध्ये खेळतो. पहिल्या दिवसापासून टीममध्ये असलेला आता तो एकटाच. इथलाच, बुलवेलचा. तेहतीस वर्षांचा, दोन मुली, दिवसा प्लास्टरिंगची कामं करतो आणि संध्याकाळी लोकांना कठड्यावर आपटतो. माझी मागची शिवणाची खोली त्यानेच प्लास्टर केली. तीन दिवस राबला. डाळभात खाल्ला, वर लोणचं मागून घेतलं. मला मिसेस एम म्हणतो. मेश्राम म्हणायला शिकवलं होतं, पण त्याला लाज वाटते चुकायची.

सुरुवातीच्या वर्षांत स्टॅंडमध्ये ह्यांच्या मागे बसून दोन माणसं घाण बोलायची. ह्यांनी कधी घरी सांगितलं नाही, मला माव्हिसकडून कळलं. कीथने वॉर्मअपमध्ये ऐकलं. मॅच संपल्यावर स्केट्स घातलेलेच वर चढून आला, ह्यांच्या शेजारी बसला आणि पाच मिनिटं नुसता गप्पा मारत बसला. ती माणसं परत तिथे बसली नाहीत. म्हणून ह्यांच्या लेखी कीथ म्हणजे कीथ. आणि माझ्या लेखीही.

८ जून, गुरुवार

मंडळ. कॅनडाचा नवा कोच येणार म्हणे, फार कडक. डॉक्टर म्हणतात, नवे आले की जुने झाडतात, हे हॉस्पिटलात पाहतोच आपण. हे म्हणाले, कीथला कोण हात लावतो बघतो.

मी रिकाम्या बश्या उचलल्या.

६ जुलै, गुरुवार

डेनिस आला. पिशव्या घेऊन.

लिहून ठेवते नीट. होजिअरी फॅक्टरी बंद पडली तेव्हा आम्ही चाळीस बायका एका दिवसात घरी. बावीस वर्षं मशीनवर काढलेली, आणि जॉब सेंटरची पोरगी विचारते, तुला दुसरं काय येतं? सहा महिने मी भिंतीकडे बघत बसायची. मग डेनिसने काम दिलं. हा टीमचे शर्ट, स्केट्स, सगळं सामान सांभाळतो. पन्नास-एक शर्ट — फाटलेले शिवायचे, गेलेल्यांची नावं उसवायची, नव्यांची लावायची. पहिल्या दिवशी त्याने माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, लोकांना कळायच्या आधी तुला कळणार. कोणाला सांगायचं नाही. जगदीशलासुद्धा नाही. मी शब्द दिला. चार वर्षं पाळलाय. हे सपोर्टर्स क्लबच्या कमिटीवर असून ह्यांना पेपरात वाचावं लागतं, आणि बातमी माझ्या मशीनच्या खणात तीन आठवडे पडलेली असते. मला त्याची गंमत वाटायची.

आज यादी उघडली. पाच नावं काढायची. चौथं — सतरा, कीथ.

डेनिसला म्हटलं, ही चूक आहे का? तो टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, नवा कोच कॅनडाचा तरुण पोरगा आणतोय. एकतीस जुलैपर्यंत जाहीर करायचं नाही.

का, ते मला कळलं. सीझन तिकिटाचे फॉर्म एकतीसला बंद होतात. कीथ नाही म्हटलं तर अर्धे लोक फॉर्म भरणार नाहीत.

कीथला सांगितलंय का, विचारलं. तर मान हलवली. नाही. त्यालाही एकतीसनंतरच.

७ जुलै, शुक्रवार

चार नावं उसवली. पाचवं, कीथचं, राहू दे आज.

८ जुलै, शनिवार

उसवलं. अनपिकरने एकेक टाका. माझाच टाका, दुहेरी झिगझॅग, सुटता सुटेना. कोणी सांगितलं होतं इतकं घट्ट शिवायला!

नाव काढलं तरी सुयांची भोकं दिसतात, म्हणून कोमट पाण्यातून काढावे लागतात. बाहेर काय ऊन पडलंय, अख्ख्या इंग्लंडने कपडे वाळत घातलेत. पण मागच्या तारेवर बिननावाचा सतरा नंबर टांगला तर शेजारी राहणारा लेन पाच मिनिटांत बातमी पबमध्ये पोचवेल. एअरिंग कबर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, कोंबले सगळे. घरभर ओल्या लोकरीसारखा वास. ह्यांनी विचारलं, कसला वास? मी म्हटलं, नाक तपासून घ्या.

१३ जुलै, गुरुवार

मंडळ. ह्यांनी इतिहासाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. कीथवर. दहाव्या सीझनमध्ये तो उतरेल तेव्हा पहिल्या दिवसापासूनचा उरलेला एकमेव प्लेयर असेल, वगैरे. चांगलं लिहिलंय. वाचताना आवाज जरा हलला. माव्हिसने डोळे पुसले.

नंतर तिघांनी तिथेच फॉर्म भरले. डॉक्टरांनी पेन मला दिलं, वहिनी, तुम्हीही या की या वर्षी. मी म्हटलं, समोसे गार होतायत.

आत जाऊन सिंकपाशी उभी राहिले. माझं काय जातं? मी शिवणारी बाई. कोण खेळणार हे मी ठरवत नाही. एकतीसला सगळ्यांना कळणारच आहे. तीन आठवडे उशिरा कळल्याने कोणी मरत नाही.

असं स्वतःला सांगितलं आणि भांडी घासली.

१८ जुलै, मंगळवार

आज कीथ आला. ह्यांना पुस्तकासाठी त्याच्याशी बोलायचं होतं. टेप लावला, जुन्या गोष्टी, मोडलेल्या बरगड्या, स्कॉटलंडच्या बसमध्ये बंद पडलेला हीटर. मी मागच्या खोलीत, दार लोटलेलं. मशीनवर बसून काहीच शिवत नव्हते.

मग तो सहज म्हणाला. स्कॉटलंडच्या एका टीमने बोलावलंय. दोन वर्षं. शिवाय रिंकवर मुलांना शिकवायची नोकरी, कायमची. घरसुद्धा बघून देतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

हे म्हणाले, मग?

कीथ म्हणाला, “नाही म्हणणार. गेल्या वर्षी ऑफिसात म्हणाले होते, तू हेरन्सचाच. दहावा सीझन टाकून कुठे जाऊ?”

हे इतके खूश झाले! उठून त्याच्या पाठीवर थाप मारली, ती मला आत ऐकू आली.

शुक्रवारी तो त्यांना नाही म्हणणार. एकतीसला हेरन्स त्याला नाही म्हणणार. म्हणजे ना इथे ना तिथे. तेहतिसाव्या वर्षी, दोन मुली, आणि प्लास्टरची कामं कधी मिळतात कधी नाही. त्याचं नाव माझ्या खणात पडलंय, चुरगळलेल्या अक्षरांचं.

१९ जुलै, बुधवार

भाकरी करपली. दोनदा.

ह्यांना सांगावं का? सांगितलं तर हे तडक कमिटीत जातील. बोंबाबोंब करतील, आणि डेनिस सगळ्यात आधी बळी. डेनिसला सांगू, तूच कीथला सांग? त्याला दोन वर्षांत पेन्शन आहे. तो नाही सांगणार. त्याने टोपी फिरवली तेव्हाच कळलं.

आणि माझं काम? खोटं कशाला लिहू, कामाचा विचार आधी आला. सहा महिने त्या भिंतीकडे बघत बसणं पुन्हा नको मला. त्या मशीनवर मी परत माणूस झाले. शब्द मोडला की संपलं ते.

पण फॅक्टरीत आमच्याशी हेच केलं होतं ना. मॅनेजरला मार्चपासून माहीत होतं. आम्हाला जूनमध्ये सांगितलं, कारण मोठी ऑर्डर पुरी व्हायची होती. मध्ये आमच्यातल्या कॅथलीनला दुसरीकडे बोलावलं होतं, तिने नाही म्हटलं, आपली फॅक्टरी म्हणून. त्या ऑफिसातल्या टायपिस्ट पोरीला सगळं माहीत होतं. रोज आमच्याबरोबर कॅन्टीनला बसायची. ती एक शब्द बोलली असती तर! मी त्या पोरीला चार वर्षं शिव्या देते आहे.

२० जुलै, गुरुवार

जाऊन आले.

उल्काला म्हटलं डेंटिस्टकडे जाते. अडतीस नंबरची बस. कीथ शेरवुडला एका घरात काम करतोय हे परवा त्यानेच सांगितलं होतं, गल्लीपण. दार उघडंच. वर शिडीवर होता, छताला प्लास्टर, केस पांढरे झालेले. मला बघून घाबरला, म्हणाला, जगदीश ठीक आहे ना?

म्हटलं ठीक आहे. खाली ये.

खाली आला. हात कशाला पुसावेत कळेना त्याला. मी बसमध्ये तीन वाक्यं तयार केली होती, इंग्लिशमध्ये, सभ्य. एक आठवेल तर शपथ!

“कीथ, त्या स्कॉटलंडवाल्यांना नाही म्हणू नकोस.”

एवढंच म्हटलं. तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. मी काय काम करते ते त्याला माहीत आहे. माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, “तुझ्याकडे यादी आली?”

मी मान हलवली नाही, काही नाही. पर्स घट्ट धरून उभी. तो तिथेच प्लास्टरच्या बादलीवर बसला. मला वाटलं रडेल. नाही रडला. म्हणाला, चहा घेशील? त्या परक्याच्या घरात त्याने चहा केला आणि आम्ही दोघं उभ्यानं प्यालो. मुली कितवीत आहेत ते मी विचारलं, त्याने सांगितलं. निघताना म्हणाला, कोणी विचारलं तर मी तुला पाहिलंच नाही.

घरी आले तर मंडळ जमलेलं. समोसे नाहीत म्हणून माव्हिस कुरकुरली. दात दुखतोय म्हटलं. मग सगळी संध्याकाळ गाल धरून बसावं लागलं.

२२ जुलै, शनिवार

ईव्हनिंग पेपरात आलं. कीथ स्कॉटलंडला. दोन वर्षं.

हे पेपर घेऊन पायरीवर बसलेत. मी चहा दिला. घेतला. माझ्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा पेपरात.

मला हलकं वाटतंय. लाज वाटावी इतकं.

२५ जुलै, मंगळवार

आता उलटा गोंधळ. फोन थांबत नाही. लोक म्हणतात, कीथने धोका दिला. त्यावर कीथ पेपरात म्हणाला, मला काढणारच होते, मला कळलं म्हणून गेलो. आता लोक ऑफिसवर भडकले, फॉर्म परत मागतायत. ऑफिस म्हणतं, आमची बातमी कोणी फोडली?

फार लोकांना माहीत नव्हती. कोच, टीमचा मॅनेजर, डेनिस आणि मी.

आता पिशवी न्यायला डेनिस कधी येतो त्याची वाट बघायची.

२७ जुलै, गुरुवार

मंडळ नाही. कमिटीची तातडीची मीटिंग, रिंकवर. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दारात थांबून म्हणाले, “तुझ्या मशीनचं तेल संपलंय, येताना आणतो.” तेल भरपूर आहे.

ठरवलंय, डेनिसवर आलं तर मी स्वतः जाऊन सांगणार.

२८ जुलै, शुक्रवार

डेनिसवर काही आलं नाही म्हणे. काय झालं, ह्यांना विचारलं तर म्हणाले, मिटलं. कोणी फोडलं? कळलं नाही? तर, मिटलं म्हणालो ना.

आणि वर हे — कमिटी सोडली. नऊ वर्षं झाली, पुस्तकही लिहून झालं, आता तरुणांनी बघावं. असं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं.

कीथ गेला म्हणून रुसले असतील. पुरुषांचं रुसणं म्हणजे ना! तेल मात्र आणलं.

३ ऑगस्ट, गुरुवार

डेनिस आला. मी दारातच उभी राहिले. त्याच्या हातात नव्या अक्षरांचा गठ्ठा. कॅनडाच्या पोरट्याचं नाव अकरा अक्षरी, सतरा नंबरवर. काम गेलं नाही! माझ्यावर संशयसुद्धा नाही!

डेनिस जरा अवघडला होता. यादी यापुढे कुलपात ठेव म्हणाला. ठेवीन म्हटलं. चहाला थांबला नाही.

१० ऑगस्ट, गुरुवार

कोणी येत नाही गुरुवारी. सवयीने समोसे केले. उल्काने सहा खाल्ले.

दुकानात डॉक्टर भेटले. कोथिंबीर निवडण्याचं नाटक करत म्हणाले, “वहिनी, जगदीशरावांना सांगा, माझा नाइलाज होता.” कसला, विचारीपर्यंत गेले. पुस्तकाचं काही असेल. लांबलचक लिहितात हे, कापलं असेल.

१९ ऑगस्ट, शनिवार

पुस्तक आलं. माव्हिसने पोस्टाने पाठवलं, स्वतः येऊन देता आलं नाही का? पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. फोटो आहेत, जुनी टीम आहे, पहिला गोल कीथच्या नावावर आहे. ह्यांचं नाव कुठेच नाही! ‘सपोर्टर्स क्लबने संकलित केले.’ बस.

माझं डोकं फिरलं. कोट घातला, म्हटलं आत्ता जाऊन डॉक्टरांना विचारते. नऊ वह्या ह्यांच्या, नऊ वर्षं रिंकवर बसून गारठले हे! ह्यांनी कोट काढून घेतला आणि खुंटीवर लावला. म्हणाले, “राहिलं असेल छापायचं. वाचलंस का, चांगलं झालंय.”

इतकं गरीब होऊन कसं चालेल माणसानं? मी दिवसभर बोलले नाही ह्यांच्याशी.

२ सप्टेंबर, शनिवार

पहिली मॅच. हे गेले नाहीत. सीझन तिकीटच नाही घेतलं — मला आज कळतंय! फॉर्म परत घेतला म्हणे. लॉन कापलं. कापलेलंच पुन्हा कापलं. सहा वाजता रेडिओ लावला, स्कोअर सांगायच्या आधी बंद केला.

मी वैतागले. नऊ वर्षं शनिवारी एकटी जेवले, कुरकुर केली नाही. आता हे समोर बसलेत तर घास उतरत नाही. म्हटलं, कीथ गेला म्हणून हेरन्स मेले का? जा की! तर हसले नुसते. म्हणाले, या वर्षी नको.

उल्काने विचारलं, “बाबा कोणाशी भांडले का?” या वेळी बरोबर बोलली. टोकायला काही नव्हतं.

९ सप्टेंबर, शनिवार

कीथचं कार्ड. तळ्याचा फोटो. वीस मुलं शिकायला येतात, मोठीला शाळा आवडली, पाऊस थांबत नाही. खाली दोघांनाही प्रेम.

ह्यांनी तीनदा वाचलं आणि म्हणाले, बरं झालं गेला.

मला तेव्हाच सांगायचं होतं सगळं. जीभ उचललीसुद्धा. मग वाटलं, जाऊ दे, ह्यांना कळलं की मी ह्यांच्यापासून लपवलं, तर आधीच रुसलेला माणूस आणखी रुसेल.

१४ सप्टेंबर, गुरुवार

डेनिस फाटलेले शर्ट घेऊन आला. जगदीश कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, रुसून बसलाय अजून.

तो म्हणाला, “रुसून? मिसेस एम, त्याला येऊ देत नाहीत.” मग माझं तोंड बघून हळू बोलायला लागला. त्या दिवशी मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, शिवणाऱ्या बाईनेच फोडलं, काम काढून घ्या. तेव्हा जगदीश उठला. म्हणाला, ती कामाला बाहेर होती, मी तिचा खण उघडून यादी वाचली आणि कीथला मीच सांगितलं. तिला यातलं काही माहीत नाही. हे तीनदा म्हणाला. त्यांनी कमिटीतून काढलं, पुस्तकातून नाव काढलं, एक वर्ष रिंक बंद.

“मला वाटलं तुला माहीत आहे,” डेनिस म्हणाला.

ह्यांनी माझा खण आजवर कधी उघडलेला नाही.

शर्ट पिशवीत परत भरलेत, न शिवता. खणाची किल्लीही त्यातच. मॅनेजर पाचपर्यंत ऑफिसात असतो म्हणे. ह्यांची ड्यूटी सहाला सुटते. वरणभात झाकून ठेवलाय. कोट घालूनच हे लिहितेय, डेनिस खाली व्हॅन चालू ठेवून थांबलाय.